अग्निबाणाचे नाक



नाशिक हे नाव नाकावरून पडले, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, त्या नासिकेवरून नाशिक झाले, अशी ती गोष्ट. तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या श्रोत्यांशी आज नाकाविषयीच बोलायचे ठरवले, तर ते फारसे वावगे होऊ नये. मात्र हे नाक माणसाचे नाही. ते अग्निबाणाचे आहे. विंचूर, लासलगाव, निफाड, येवला या बाजूच्या शाळांत जे गुरुजी आणि बाई विज्ञान शिकवतात, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे सांगणार आहे. आणि ज्यांची मुले त्या शाळांत जातात, त्या शेतकरी बंधुभगिनींनीही जरा कान द्यावा, कारण हा अग्निबाण उडतो शाळेत, पण उतरतो बहुधा तुमच्या शेतात.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. त्याच्या आगेमागे शाळांतून प्रदर्शने भरतात, आणि त्यांत पाण्याचा अग्निबाण हमखास असतो. सोड्याची किंवा कोला पेयाची रिकामी बाटली घ्यायची, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरायचे, बूच घट्ट लावून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि बाटली उलटी उभी करून सोडायची. आतली दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते, आणि पाणी खाली जाते तशी बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जे होत नाही, ते या एका फवाऱ्याने होते. सारी शाळा ओली होते आणि सारी शाळा हसते.

दोनचार वेळा बाण उडाला, खाली आपटला, त्याचे पुठ्ठ्याचे टोक चेपले, की वर्गातला एखादा हुशार मुलगा पुढे येतो आणि म्हणतो, “गुरुजी, याला लोखंडी टोक लावू का? मोठा खिळा बसवतो, म्हणजे मोडणारच नाही.”

मंडळी, प्रश्न अगदी रास्त आहे. मुलाने पुस्तकात, पडद्यावर अग्निबाणांची चित्रे पाहिलेली असतात. त्यांत नाक कसे भाल्यासारखे टोकदार असते! आपलेही तसे असावे, असे त्याला वाटते. त्याला नुसते “नको” म्हणून गप्प बसवणे बरे नाही. त्याला कारण सांगितले पाहिजे. आणि ते कारण सांगता सांगता वेग म्हणजे काय, दाब म्हणजे काय, ताप कुठून येतो, हे सगळे शिकवून होते.

प्रथम हे बघू या, की अग्निबाणाच्या नाकाला सोसायचे तरी काय काय असते. त्याचे तीन वैरी आहेत. पहिला वारा, दुसरा ताप आणि तिसरी जमीन.

वाऱ्यापासून सुरुवात करू. मोटारसायकलवरून जाताना हात पुढे धरा. सावकाश जाताना काही वाटत नाही. वेग वाढला की हात मागे ढकलला जातो. येथे एक साधा नियम आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. वेग दसपट झाला, तर दाब शंभरपट. आपला पाण्याचा बाण सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने गेला असे धरा. तेव्हा त्याच्या नाकावर दर चौरस सेंटिमीटरला अवघा साडेपाच ग्रॅमांचा दाब पडतो. एवढा भार पोस्टकार्डसुद्धा सहन करील. आता हाच वेग ध्वनीइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर झाला, तर दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब सातशे ग्रॅमांच्या वर जातो. तेथे पुठ्ठा टिकणार नाही.

दुसरा वैरी ताप. सायकलचा पंप जोरजोराने मारला, की त्याची नळी खालच्या बाजूला गरम लागते. हवा दाबली की ती तापते. धावणाऱ्या बाणाच्या नाकापुढची हवा तशीच दाबली जाते आणि तशीच तापते. सेकंदाला ३० मीटर वेगाला ही वाढ किती? अर्धा अंश सेल्सिअस! बाणाला ती कळतही नाही. ध्वनीच्या वेगाला मात्र ती साठ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर ३५ अंश असतील, तर टोकापाशी नव्वदच्या पुढे, पाणी उकळायला आले म्हणा ना. ध्वनीच्या दुप्पट वेगाला तर ही वाढ सव्वादोनशे अंशांहून अधिक होते. भजी तळण्याच्या तेलाहूनही ती हवा गरम. ताप आणि दाब दोन्ही वेगाच्या वर्गाने वाढतात, हे वरच्या वर्गातल्या मुलांकडून गणित करून घेता येईल.

आणि तिसरा वैरी म्हणजे जमीन. हिच्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे, कारण शाळेच्या बाणाचे नाक जवळजवळ नेहमी हीच मोडते, आणि नेमका तिचाच विचार सर्वांत कमी होतो.

आता चित्रातल्या त्या भाल्यासारख्या टोकाकडे वळू. ते कुठून आले? त्याचे उत्तर विंचूरकरांना फार लांब शोधायला नको. आपल्याच निफाड तालुक्यात ओझर आहे. तेथे १९६४ साली हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा विमानांचा कारखाना उभा राहिला आणि मिग-२१ ही लढाऊ विमाने तेथे तयार होऊ लागली. आपल्या वायुदलातून ही विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. पण ज्यांनी ती जवळून पाहिली असतील, त्यांना त्यांचे तोंड आठवत असेल. पुढे हवा आत घेण्याची गोल वाट आणि तिच्या मधोमध बाहेर आलेला एक टोकदार शंकू. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने, ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर जाऊ शकत असे. ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेले, की पुढच्या हवेला बाजूला सरायची सूचनाच मिळत नाही. ती एकदम आदळते आणि दाबाची एक भिंत तयार होते. टोकदार शंकू त्या भिंतीला तिरपी करतो, आणि इंजिनाकडे जाणारी हवा ताब्यात ठेवतो. म्हणूनच तो वेगानुसार पुढेमागे सरकवण्याची सोय होती.

म्हणजे टोकाची धार ही ध्वनीपेक्षा अधिक वेगाची गरज आहे. त्याच्या बऱ्याच खाली, आपल्या पाण्याच्या बाणाच्या वेगाला, हवा आधीच बाजूला होऊ लागते. तेथे अंड्याच्या बाजूसारखे गोलसर नाकच चांगले चालते. टोक काढून काडीचाही फायदा होत नाही. बैलगाडीला विमानाचे चाक लावावे, तसा तो प्रकार होतो.

मिगच्या शंकूतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या शंकूच्या आत रडार बसवलेले असे. रडारच्या लहरी धातूतून पार होत नाहीत, म्हणून शंकूचे आवरण धातूचे करून भागत नसे. लहरींना वाट देईल असाच पदार्थ तेथे लागे. तेव्हा बघा, ताशी दोन हजार किलोमीटर वेगाच्या विमानालाही नाक म्हणजे नुसता लोखंडाचा खिळा, असे म्हणता आले नाही.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अग्निबाण उडवणे हा कित्येक लोकांचा छंद आहे. १९५४ साली नेब्रास्का प्रांतातल्या नॉरफोक गावच्या ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या एका जोड्यांच्या दुकानदाराने मुलांना सुरक्षितपणे उडवता येईल असा लहान अग्निबाण तयार केला. त्याआधी तेथली मुले धातूच्या नळ्यांत दारू ठासून स्वतःच बाण करीत, आणि त्यांत हातपाय जात, प्राणही जात. कार्लाइलनंतर हॅरी स्टाइन वगैरे मंडळींनी या छंदाला नियमांची शिस्त लावली. त्या नियमांतला एक नियम आपल्या मुलाच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. लहान अग्निबाणाचे नाक, अंग आणि पंख हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचेच असावेत, असा तो नियम. तेथे नाके होत असत बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची. पुढे पातळ प्लॅस्टिकची आली.

मग ज्यांना ध्वनीच्या वेगाच्या जवळ किंवा त्याच्याही पुढे जायचे असते, ते हौशी लोक काय निवडतात? आपल्या गावची काही मुले अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली असे बाण बांधतात. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो.

आजकाल संगणकावर आकार काढून यंत्रातून थरावर थर घालून प्लॅस्टिकची वस्तू छापता येते. त्या यंत्रांत पीएलए नावाचे प्लॅस्टिक फार वापरतात. दिसायला नाक सुरेख होते. पण हे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. वैशाखाच्या उन्हात बंद मोटारीत ते ठेवले, तर उडण्याआधीच वाकेल! शिवाय ते थराथरांनी बनलेले असल्यामुळे आडवा ताण आला, की दोन थरांच्या सांध्यात चिरते. सावकाश बाणाला ते चालेल. ध्वनीच्या वेगाला त्यावर भरवसा ठेवू नये. एबीएस हे दुसरे प्लॅस्टिक शंभर अंशांच्या जवळपास तग धरते. ते थोडे बरे.

ध्वनीच्या पुढे मात्र अनुभवी लोक काचतंतूंकडे वळतात. काचेचे केसासारखे बारीक धागे साच्यावर गुंडाळायचे आणि इपॉक्सी नावाच्या चिकट राळेत ते पक्के करायचे. आपण त्याला फायबर म्हणतो. फायबरच्या पाण्याच्या टाक्या सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याच जातीचे, पण अधिक काळजीने केलेले हे काम असते. येथे एक बारकी गोष्ट आहे. धागा काचेचा असल्यामुळे त्याला ताप सोसतो, पण राळेला सोसेलच असे नाही. साधी राळ नुसती हवेत वाळवली, तर ती साठ-सत्तर अंशांनाच मवाळ होऊ शकते. म्हणून उष्णतेत ठेवून पक्की होणारी राळ निवडावी लागते. नाक घेताना किंवा करताना “फायबरचे आहे ना?” एवढे विचारून भागत नाही. “राळ कोणती, आणि ती कशी पक्की केली?” हे विचारावे.

अशा वेगवान बाणाच्या अगदी टोकाला ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा बसवतात, कारण सर्वांत जास्त ताप टोकालाच लागतो. ॲल्युमिनियम तो ताप स्वतःत घेते आणि मागे पसरवते. हे बाण त्या वेगाला जेमतेम काही सेकंद असतात. तेवढ्या वेळात ताप जाड भिंतीतून आत पोचत नाही. तव्यावरची भाकरी वरून फुगेपर्यंत खालून करपायला वेळ लागतो, तसेच. म्हणून येथे भिंतीची जाडी कामाला येते. आकाराचे म्हणाल, तर लांबी जाडीच्या पाचपट घेण्याची चाल आहे, आणि थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक डौलदार वक्र आकार लोकांना विशेष पसंत आहे. कार्बनचे तंतू काचतंतूंहून ताठ असतात खरे, पण त्यांतून रेडिओच्या लहरी पार होत नाहीत. बाण कुठे पडला हे कळावे म्हणून नाकात छोटा प्रक्षेपक ठेवायचा असेल, तर पुन्हा काचतंतूच बरे. ओझरच्या मिगची जी अडचण, तीच येथे.

पण टोकदार आकार म्हणजे सर्वांत टिकाऊ, हेही सर्वकाळ खरे नाही. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत ज्युलियन ॲलन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की अवकाशातून प्रचंड वेगाने परत येणाऱ्या यानाला टोकदार नाक घातक ठरते. बोथट, रुंद नाक हवेला पुढेच अडवते, आणि बहुतेक ताप यानाला न लागता बाजूने हवेत निघून जातो. म्हणूनच अंतराळवीर ज्या कुप्यांतून पृथ्वीवर परत येतात, त्यांचा पुढचा भाग थाळीसारखा बोथट असतो. म्हणजे सावकाश बाणाला गोल, ध्वनीच्या पुढे टोकदार, आणि त्याच्याही फार पुढे पुन्हा बोथट. काम बघून नाक, हे सूत्र मुलांना येथे पटते.

नाक फार वजनदार असावे लागते, अशीही एक समजूत असते. आपल्या देशातला अंतराळ-संशोधनाचा पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून उडाला. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने ते केंद्र एका मासेमारांच्या गावात उभे राहत होते, आणि मोटारगाड्यांची वानवा होती. थुंब्याचे १९६६ सालचे एक छायाचित्र जगभर गाजले आहे. त्यात अग्निबाणाच्या नाकाचा शंकू सायकलच्या मागच्या बैठकीवर ठेवून दोघेजण नेत आहेत. वर्गात हे चित्र मुलांना जरूर दाखवा. आकाशात जाणाऱ्या बाणाचे नाक सायकलवर मावते आणि सायकलला पेलते, एवढी एक गोष्ट त्यातून घेतली तरी पुष्कळ झाले.

आता जमिनीकडे येतो. खरा धोका येथे आहे.

विंचूरला बाण ही वस्तू ऐकून नवी नाही. ज्यांच्या जहागिरीचे हे गाव, ते सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर होते. त्या काळच्या फौजांत तोफांबरोबर बाणही असत; नळीत दारू ठासलेली आणि मागे लांब काठी बांधलेली. त्या बाणाचे काम समोरच्याला इजा करणे हे होते. आपल्या शाळेच्या बाणाचे काम वर जाणे आणि कोणालाही इजा न करता खाली येणे हे आहे. दोघांचे काम उलटे, म्हणून दोघांची नाकेही उलटी असली पाहिजेत.

पाणी संपलेल्या बाटलीचा बाण पंख, नाक धरून दीडशे-एकशेसाठ ग्रॅमांचा असतो. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढा. तो नाक खाली करून सरळ पडला, तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. चेंडू पंचवीस मीटर उंचीवरून सोडला, तर तो साधारण याच वेगाने खाली येतो. असा चेंडू डोक्यावर पडला तर काय होईल, हे कोणाला सांगायला नको. आणि हे झाले गोल चेंडूचे. त्याला पुढे खिळा लावला तर?

शेतकरी बंधूंनो, हे तुम्ही आम्हांला शिकवावे. फाळ जमिनीत का शिरतो? बैलाची ताकद तीच, पण ती सगळी फाळाच्या टोकावर येते म्हणून. पहारीचे टोक झिजले, की खड्डा होत नाही. जोर तोच, जागा लहान झाली, की दाब वाढतो. लोखंडी टोकाचा बाण म्हणजे आकाशातून सुटलेला फाळ. तो मोडणार नाही, हे खरेच. तो ज्याच्यावर पडेल, त्याचे काय होईल, हा प्रश्न आहे. खाली प्रार्थनेच्या मैदानावर पन्नास मुले तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून बघत उभी असतात. हे लक्षात घेतले, की त्या खिळ्याचे उत्तर आपोआप मिळते.

म्हणून शाळेच्या बाणाचे टिकाऊ नाक म्हणजे जे स्वतः चेपते, घाव पोटात घेते, आणि पुन्हा फुगून तयार होते किंवा दोन रुपयांत बदलता येते, ते. असे नाक आपल्या गावच्या वस्तूंतून किती प्रकारांनी होते, ते सांगतो.

सर्वांत सोपे म्हणजे जुना रबरी किंवा टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याचा अर्धा भाग बाटलीच्या बुडाला, म्हणजे वरच्या टोकाला, चिकटपट्टीने बसवावा. कितीही आपटला तरी फुटत नाही. काही ठिकाणी दुसऱ्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून शंकू म्हणून लावतात. तो चालेल, पण बाटलीच्या तोंडाचा आट्यांचा भाग फार कठीण असतो. तो कापून टाकावा आणि तेथे चेंडूचा तुकडा किंवा जाड स्पंज बसवावा.

दुसरा प्रकार लगद्याचा. जुनी वर्तमानपत्रे भिजवून, कुटून, त्यात चिंचोक्याची खळ मिसळायची आणि तांब्याच्या गोल बुडावर थापून वाळवायची. आपल्या आज्या अशा लगद्याच्या टोपल्या करीत असत. नाक हलके आणि मजबूत होते. पाण्याच्या बाणाला ते ओले होणारच, म्हणून वरून रंगाचा हात द्यावा.

तिसरा प्रकार भेंडाचा. ज्या भेंडाची बाशिंगे होतात, ते पांढरे, हलके भेंड धारदार पात्याने हवे तसे कोरता येते. पांगाऱ्याचे लाकूडही हलके. गावात कातारी असेल, तर तो भोवऱ्यासारखे नाक कातून देईल, फक्त टोक बोथट ठेवायला सांगावे. थर्माकोलही चालतो, पण काही चिकटद्रव्ये त्याला विरघळवून टाकतात, म्हणून आधी एका तुकड्यावर लावून बघावे.

नाकाच्या आत थोडे वजन मात्र हवे. बाणाचा तोल पुढच्या बाजूला असला, म्हणजे तो सरळ जातो. नाही तर कोलांट्या खातो. त्यासाठी मूठभर ओली शाडू किंवा मुलांच्या खेळातली रंगीत माती नाकात दाबून बसवावी. खडे, खिळे, नट कधीही घालू नयेत. तोल तपासायची युक्ती अशी. बाण जेथे दोरीवर आडवा समतोल राहतो, तेथे दोरी पक्की बांधायची आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गरगर फिरवायचा. नाक पुढे ठेवून तो फिरला, तर ठीक. आडवातिडवा किंवा उलटा फिरू लागला, तर नाकात माती वाढवा किंवा पंख मोठे करा.

आता सांधा. नाक मोडते त्याहून अधिक वेळा ते निसटते. नाकाला खाली खांदा असावा, आणि तो नळीच्या आत निदान नळीच्या जाडीइतका खोल जावा. नाक धरून बाण उचलला, तर गळून पडू नये, आणि हलक्या हिसक्याने मात्र निघावा, इतपत तो घट्ट हवा. कमी पडत असेल तर कागदी चिकटपट्टीचा एखादा वेढा द्या. उंच जाणाऱ्या बाणांत आतली हवा फुगून नाक ढकलते, म्हणून नळीला सुईने एक बारीक भोक ठेवतात. वेगवान बाणांत नाक नायलॉनच्या बारीक स्क्रूंनी अडकवतात, आणि ते स्क्रू वेळ आली की मुद्दाम तुटावेत असेच असतात. ट्रॅक्टरच्या काही अवजारांत एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, म्हणजे दगड लागला तर बोल्ट तुटतो आणि यंत्र वाचते. अगदी तोच विचार.

नाक मुद्दाम निघू द्यायचे, ते कशासाठी? तर आतली छत्री बाहेर यावी म्हणून. नाक म्हणजे त्या छत्रीच्या डबीचे झाकण. जुन्या छत्रीचे कापड किंवा पातळ प्लॅस्टिक गोल कापून, कडेला आठ दोरे बांधून ही हवाई छत्री होते. नाक आणि बाण एका लांब इलॅस्टिकच्या नाडीने जोडलेले ठेवा, म्हणजे नाक हरवत नाही. छत्री उघडली, की बाण सावकाश उतरतो. नाकाचे आयुष्य वाढवणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. चैत्र-वैशाखात आपली काळी जमीन वाळून दगडासारखी होते, मुरमाचे मैदान तर बारमाही कठीण. तेथे छत्रीवाचून कुठलेच नाक फार दिवस जगत नाही. नांगरलेले रिकामे रान मिळाले तर उत्तम. द्राक्षबागेच्या तारा आणि विजेच्या तारा दोन्हींपासून लांब जा.

दोन गोष्टी निक्षून सांगतो. पहिली, हवा भरायला कोला किंवा सोड्याचीच बाटली घ्या, ती दाब सोसण्यासाठी केलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली घेऊ नका. पंपाच्या काट्यावर पन्नास पौंडांच्या पुढे जाऊ नका, ओरखडे पडलेली बाटली टाकून द्या, आणि मुलांना दहा-पंधरा पावले मागे उभे करा. दुसरी, दारू किंवा इतर जळणारे इंधन घरी वा शाळेत तयार करायचे नाही. १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करण्यासारखे नव्हते. दिवाळीच्या बाणाला वरून नवे टोक लावण्याचा उद्योगही नको. त्याचा तोल बिघडतो आणि तो माणसांत शिरतो.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक प्रयोग सुचवतो. एकाच जातीच्या तीन बाटल्या घ्या. एकीला अर्ध्या चेंडूचे नाक, दुसरीला लगद्याचे, तिसरीला भेंडाचे. तिघांत पाणी सारखे, दाब सारखा, नाकाचे वजनही तराजूत तोलून सारखे. प्रत्येक बाण पुन्हा पुन्हा उडवायचा, आणि नाक निकामी होईपर्यंत तो किती वेळा उतरला, याची नोंद मुलांनी वहीत करायची. किती उतरणी मुरमावर झाल्या, किती नांगरटीत, तेही लिहायचे. ज्या मुलाने लोखंडी टोक मागितले होते, त्याच्याच हाती ही वही द्या. आठ दिवसांनी कोणते नाक टिकाऊ, ते तोच तुम्हांला आकड्यांनिशी सांगेल, आणि पुढच्या वर्षी तो आणखी चांगले नाक करून आणील.